खासगी म्हणजे उघडं

जुलैचा शेवटचा आठवडा होता. किन्हीराजा गावात सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं आणि पीकविम्याच्या अर्जाची मुदत संपत आली होती. पुतण्याचं सेवा केंद्र म्हणजे एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. प्रिंटर एका कॉम्प्युटरला जोडलेला, दुसरा त्याच्याच मार्फत छापणार. बाहेर सातबारा आणि पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन माणसं उभी. आदल्या दिवशी राउटर बदलला होता आणि तेव्हापासून दुसऱ्या कॉम्प्युटरला प्रिंटर दिसेचना. तालुक्याहून एक पोरगा आला, त्यानं इकडंतिकडं चार बटणं दाबली आणि शेवटी फायरवॉलच बंद करून टाकली. प्रिंट निघाली. पुतण्याला हायसं वाटलं, मला नाही.

मी बघितलं तर पडद्यावर नेटवर्कचं नाव ‘नेटवर्क २’ असं आलेलं आणि त्याचा प्रकार ‘पब्लिक’. म्हटलं, फायरवॉल चालू कर आणि हे प्रायव्हेट कर. तो म्हणाला, “काका, खासगी केलं तं बाकीच्यायले प्रिंटर दिसन कसा? सगळ्यायले दिसाले पाह्यजे, मंग पब्लिकच बरोबर हाये ना?”

मराठीच्या हिशेबानं त्याचं काहीच चुकलं नव्हतं. ‘सार्वजनिक’ म्हटलं की आपल्याला सगळ्यांसाठी मोकळं तेच आठवतं. पुण्याची सार्वजनिक सभा १८७०ची, सार्वजनिक गणेशोत्सव १८९३चा. मग वाचनालयं, पाणवठे, पाणपोया. उलट ‘खासगी’ हा शब्द फारसीच्या वाटेनं दरबारातून आलेला. होळकरांच्या राज्यात दौलतीचा खजिना वेगळा आणि खासगीचा वेगळा. अहिल्याबाईंनी देशभर घाट-मंदिरं बांधली ती या खासगीच्या पैशातून. म्हणजे जे राजघराण्याचं स्वतःचं, ज्याच्यावर दुसऱ्याचा हात नाही, ते खासगी. असे दोन शब्द तोंडात घेऊन वाढलेला माणूस ‘खासगी’ला कुलूप समजणार आणि ‘सार्वजनिक’ला उघडं दार. विंडोजमध्ये मात्र नेमकं उलटं आहे. खासगी निवडलं की कॉम्प्युटर शेजाऱ्याला दिसतो, सार्वजनिक निवडलं की तो अंग चोरून बसतो. ही विशेषणं तुमच्या कॉम्प्युटरची नाहीतच, तो ज्या जागी बसलाय त्या जागेची आहेत. तो विचारतोय, “मी आत्ता घरी आहे की एसटी स्टँडवर?” घरी माणूस कपाट उघडं टाकतो, स्टँडवर पिशवी मांडीत धरतो.

हा प्रश्न विचारायची पाळी का आली, त्याला एक कुळी आहे. मूळ पुरुष १९८०च्या दशकातला. आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम नावाच्या इंजिनिअरनं एका कॉम्प्युटरवरची फाइल दुसऱ्यावरून उघडता यावी अशी बोलीभाषा बसवली. आधी तिला स्वतःच्याच नावाची आद्याक्षरं दिली होती, पुढं तिचं नाव एसएमबी झालं. आज प्रिंटर आणि फोल्डर शेअर होतात ते याच बोलीच्या वंशजांवर. तेव्हा एका केबलवर जी यंत्रं असत ती एकाच कचेरीतली. तारेच्या दुसऱ्या टोकाला परका माणूस असेल हा विचार कुणाला शिवायचं कारणच नव्हतं. गावात एकच आळी आणि आळीत सगळे भाऊबंद, तिथं कडी कोण लावतो?

ऑगस्ट १९९५मध्ये विंडोज ९५ आलं. त्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, व्हीएसएनएलनं भारतात सामान्य माणसाला इंटरनेट खुलं केलं. दोन्ही एकदम यावीत हा योगायोग, पण गोष्टीला तो उपयोगी पडतो. विंडोज ९५च्या पडद्यावर ‘नेटवर्क नेबरहूड’ नावाचं एक चित्र होतं. नेबरहूड म्हणजे शेजार. त्यावर क्लिक केलं की आसपासची यंत्रं दिसत. कचेरीत सोय म्हणून दिलेली ही खिडकी घरोघरी गेली. पुढं अमेरिकेत टीव्हीच्या केबलवरून इंटरनेट आलं, तेव्हा एका गल्लीतली घरं जणू एकाच कचेरीच्या तारेवर आली. चित्रावर क्लिक करताच लोकांना खरोखरचा शेजारी दिसू लागला, त्याच्या फोल्डरांसकट.

आपल्याकडं हे नाटक मुंबई-पुण्यात केबलवाल्यांनी केलं. २०००च्या सुमाराला ज्यांनी त्यांच्याकडून नेट घेतलं त्यांना आठवत असेल: गच्चीवरून गच्चीवर लोंबणारी निळी वायर, जिन्यातला धुळीनं माखलेला स्विच आणि आख्खी सोसायटी एका नेटवर्कवर. दुसऱ्या विंगेतल्या कुणाच्या ‘शेअर्ड डॉक्युमेंट्स’मध्ये सिनेमे आहेत हे पोरांना पाठ असे. सिनेम्यांच्या शेजारच्या फोल्डरात त्या घरातल्या लग्नाचे फोटो आणि बँकेला लिहिलेली पत्रंही असत, याचा पत्ता फक्त फोल्डरच्या मालकाला नसे. मी स्वतः तसे फोटो पाहिले आहेत. उघडायला नको होते, पण दार सताड उघडं होतं आणि वय सतरा होतं.

मोठा फटका बसला २००३मध्ये. विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण ती मुळात बंद असायची आणि कुठल्याशा आतल्या खोलीत ठेवलेली. बाहेरचं कोण दार वाजवतंय हे बघून परतवणारा रखवालदार घरात आहे, पण कोपऱ्यात झोपलेला, असा प्रकार. ११ ऑगस्ट २००३ला ब्लास्टर नावाचा किडा सुटला. त्याला ईमेल उघडायला लावायची गरज नव्हती. यंत्र जाळ्यात आहे आणि दार उघडं आहे एवढं त्याला पुरे. साठ सेकंदांची उलटी गिनती दाखवून कॉम्प्युटर स्वतःहून बंद व्हायचा, पुन्हा सुरू केला की पुन्हा तेच. दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं १६ जुलैलाच दिली होती, पण ती लावतो कोण? पुढच्या वर्षी तसाच ‘सासर’ नावाचा किडा आला. तो लिहिणारा जर्मनीतला अठरा वर्षांचा पोरगा होता.

त्या मारानंतर ऑगस्ट २००४मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला आणि रखवालदार मुळातूनच जागा ठेवला गेला. इथंच आपल्या प्रश्नाचं बीज आहे. सगळी दारं बंद केली तर प्रिंटर चालत नाही, म्हणून अपवादांची यादी ठेवावी लागली. मग अडचण अशी की लॅपटॉप घरातून उठून दुसरीकडं जातो आणि यादी त्याच्या सोबत जाते. म्हणून एक चौकोन दिला, ‘अपवादही चालू देऊ नका’ असा. त्याखाली लिहिलं होतं की विमानतळासारख्या ठिकाणी सार्वजनिक नेटवर्कला जोडताना हा निवडा. ‘पब्लिक’ हा शब्द घरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर असा विमानतळाचं बोट धरून आला. तो चौकोन आठवणीनं टिचकवायचा आणि घरी आल्यावर आठवणीनं काढायचा. अर्थातच कुणी तसं करत नसे.

तेव्हा जागा ओळखण्याचं काम यंत्रानंच करावं असं ठरलं. जानेवारी २००७मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टानं नवीन नेटवर्कला जोडताच विचारायला सुरुवात केली: ही जागा कुठली? आणि तीन चित्रं दाखवली. घराचं, कचेरीच्या इमारतीचं आणि सार्वजनिक जागेसाठी बागेतल्या बाकाचं. या सगळ्या कुळीत मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे हे बाक. बाकावर कुणीही येऊन बसतं, तुम्हीही बसता, पण पाकीट बाकावर ठेवून उठत नाही. शब्दांनी जो घोळ केला तो त्या चित्रात नव्हता. आतमध्ये मात्र घर आणि कचेरी मिळून एकच कप्पा होता, खासगी. चित्रं तीन, अर्थ दोन. (मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर नोंदलेल्या यंत्रांना ‘डोमेन’ असा तिसरा कप्पा आपोआप मिळतो, तो आपल्या खोलीत येत नाही.)

यंत्र जागा ओळखतं ते मुख्यतः राउटरच्या हार्डवेअर पत्त्यावरून. म्हणून राउटर बदलला की विंडोजच्या लेखी तुम्ही घर बदललेलं असतं. जुन्या जागेला दिलेला विश्वास नव्या जागेला मिळत नाही, तिचं नाव ‘नेटवर्क २’ पडतं आणि तिला बाकाचे नियम लागू होतात. किन्हीराजात प्रिंटर का रुसला याचं उत्तर एवढंच.

पुढच्या पिढ्या घाईनं सांगतो. २००९च्या विंडोज ७नं तिन्ही चित्रं ठेवली आणि वर ‘होमग्रुप’ आणलं. घराघरांत ते फारसं रुजलं नाही, २०१८मध्ये काढून टाकलं. २०१२च्या विंडोज ८नं चित्रंच काढली आणि शेअरिंग चालू करू का, हो की नाही, एवढंच विचारलं. विंडोज १०नं विचारलं, की हा पीसी या नेटवर्कवरच्या इतरांना सापडू द्यायचा का? हा मला सगळ्यांत प्रामाणिक प्रश्न वाटतो, पण त्याचं उत्तर ज्या खान्यांत जमा झालं त्यांची नावं पुन्हा तीच, प्रायव्हेट आणि पब्लिक. विंडोज ११मध्ये पब्लिकपुढं ‘शिफारस केलेलं’ असं लिहून येतं. शिफारस बरोबर आहे. शब्द सुधारला असता तर ती करावी लागली नसती.

कुणी म्हणेल, राउटर असताना भीती कसली? मुद्दा खरा आहे. फेब्रुवारी १९९६मध्ये इंटरनेटच्या नियमकर्त्यांनी काही आकडे ‘खासगी’ म्हणून बाजूला काढून ठेवले. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते घरोघरी दिसतात ते त्यातलेच. किन्हीराजातही तेच, नाशकातही तेच; बाहेरच्या जगाला ते थेट गाठता येत नाहीत, मध्ये राउटर उभा असतो. पण म्हणूनच खासगी-सार्वजनिकचा प्रश्न बाहेरच्या चोराचा नाही, राउटरच्या आतल्या शेजाऱ्याचा आहे. जानेवारी २०१६मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर गुगल आणि रेलटेलचं मोफत वायफाय सुरू झालं. अशा ठिकाणी राउटरच्या आत तुमच्यासोबत अख्खा फलाट असतो.

आणि शेजारी वाईटच असावा लागतो असंही नाही, तो आजारी असला तरी पुरतं. २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाचा किडा जगभर पसरला तेव्हा न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं होतं. ती कंपनीची मोठी यंत्रणा, तिथं आपल्यासारखं घरगुती बटण नव्हतं. पण एका यंत्रातून शेजारच्या यंत्रात शिरण्यासाठी त्या किड्यानं वापरलेल्या वाटांपैकी एक फायगेनबॉमच्या त्याच जुन्या बोलीतली होती. जिच्यावर पुतण्याचा प्रिंटर चालतो तीच.

केंद्रावर मी फायरवॉल परत चालू केली आणि दोन्ही कॉम्प्युटरांवर ‘नेटवर्क २’ खासगी केलं. प्रिंटर लगेच दिसला. पुतण्या म्हणाला, “म्हंजे खासगी म्हंजे उघडं?” म्हटलं, घरच्यांसाठी उघडं. मग मी विचारलं, वायफायचा पासवर्ड कोणाकोणाकडं आहे? तो हसला. अर्ज भरायला येणाऱ्या पोरांपैकी निम्म्यांकडं होता. म्हणजे खोली घरची असली तरी नेटवर्क बाकाचंच होतं. मग पासवर्ड बदलला, पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळं गेस्ट नेटवर्क काढलं आणि तेव्हाच ‘खासगी’ला अर्थ आला. लाइट गेल्यावर पुतण्या आपला लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतो, ते पब्लिकच राहू दिलं. तिथं त्याला प्रिंटर लागत नाही, नुसतं इंटरनेट लागतं, आणि पब्लिक असो की प्रायव्हेट, इंटरनेटचा वेग सारखाच असतो.

तुमच्याकडं राउटर बदलला असेल तर आजच बघा: सेटिंग्ज, त्यात नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात वायफाय किंवा ईथरनेट, मग प्रॉपर्टीज. वायफायचा पासवर्ड घराबाहेर गेलेला असेल तर आधी तो बदला, प्रायव्हेट नंतर करा. आणि कुणी प्रिंटरसाठी फायरवॉल बंद करू लागला तर त्याला चहा द्या, माउस देऊ नका.