हरवलेली पाने आणि मिळालेली परवानगी

ग्रंथ नष्ट होतात ते आगीने, वाळवीने किंवा आक्रमणाने, असे आम्ही वाङ्मयेतिहासाच्या वर्गात शिकवत आलो. मजकूर शाबूत असतानाही तो केवळ मालकाच्या निर्णयाने वाचकांना पारखा होऊ शकतो, हे आंतरजालाच्या इतिहासाने दाखवले. नेटस्केप कंपनीच्या ‘डेव्हएज’ या संकेतस्थळाची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

१९९५ साली नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही संगणकभाषा रचली. तिचे व्याकरण आणि कोश म्हणता येतील असे संदर्भग्रंथ कंपनीने आंतरजालावर ठेवले. कोणती आज्ञा कशी लिहावी, ती कोणत्या आवृत्तीपासून चालते, हे आज्ञावलीकार तेथे पाहत. १९९९ मध्ये नेटस्केप एओएलच्या ताब्यात गेली. २००३ मध्ये मोझिला फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि ब्राउझरचे काम तिच्याकडे आले. डेव्हएज मात्र एओएलकडेच राहिले आणि ऑक्टोबर २००४ मध्ये ते बंद करण्यात आले.

आता कोणी म्हणेल, इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्था जुन्या पानांच्या प्रती जपतातच. मग हानी कसली? हानी अशी की, संदर्भग्रंथ म्हणजे काव्य नव्हे. कविता आहे तशी जपली की पुरे. कोशाला मात्र भाषेबरोबर बदलावे लागते. संग्रहातील प्रत वाचता येते. तिची पाठशुद्धी करून, नव्या नोंदी घालून ती पुन्हा प्रसिद्ध करण्याचा अधिकार वाचकाला नसतो.

फेब्रुवारी २००५ मध्ये मोझिलाने एओएलकडून नेमका हाच अधिकार मिळवला. जुना मजकूर प्रसिद्ध करण्याची, बदलण्याची आणि त्यावरून नवे लिहिण्याची ती परवानगी होती. त्यातून जो संदर्भकोश उभा राहिला, तो आज ‘एमडीएन’ या नावाने ओळखला जातो. त्यात दुरुस्ती करण्याची मुभा सर्वांना मिळाली. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने, म्हणजे नेटस्केपच्या एके काळच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याने, आपल्या ७,७०० हून अधिक पानांचे वाचक या कोशाकडे वळवण्याचे ठरवले.

परंतु परवानगी म्हणजे लेखकाचा पगार नव्हे. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० जणांना कामावरून कमी केले. त्यांत या कोशाचे लेखकही होते. मात्र या वेळी पाने मिटली नाहीत. मजकूर खुल्या परवान्याखाली असल्याने इतरांना त्यावर काम करण्यास अडसर नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये ‘ओपन वेब डॉक्स’ हा उपक्रम जाहीर झाला आणि लेखकांच्या मोबदल्यासाठी निधी गोळा होऊ लागला.

२००४ आणि २०२० या दोन प्रसंगांतील अंतर आम्हांस महत्त्वाचे वाटते. पहिल्या वेळी मालकाची परवानगी मिळेपर्यंत थांबावे लागले. दुसऱ्या वेळी ती आधीच सर्वांच्या हाती होती. म्हणून एखादा कोश आंतरजालावर आला की त्याचे स्वागत करताना, त्याची पुढची आवृत्ती काढण्याचा अधिकार कोणाला, हेही आपण विचारले पाहिजे.