शेतकरी आत्महत्या : मोजणी, मदत, उपचार आणि बातमी यांतील नैतिक प्रश्न

सततचा दुष्काळ आणि नापिकी यांमुळे धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेत वारंवार येते. 2015 मध्ये राज्य शासनाने ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू करताना यवतमाळसोबत याच जिल्ह्याची निवड केली. मात्र एका मृत्यूनंतर प्रशासन, आरोग्ययंत्रणा आणि पत्रकार जे निर्णय घेतात, त्यांतून वेगळे नैतिक प्रश्न उभे राहतात.

‘शेतकरी’ कोणाला म्हणायचे?
राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची (एनसीआरबी) आकडेवारी पोलीस नोंदींवरून तयार होते. 2014 पासून तीत शेतकरी आणि शेतमजूर वेगळे दाखवले जातात. महसूल विभागाची यादी वेगळी असते. त्यामुळे एकच मृत्यू एका यादीत असू शकतो आणि दुसरीत नसू शकतो. आकडा कमी झाल्याचे सांगताना कोणती यादी वापरली, हे न सांगणे दिशाभूल करणारे ठरते.

पात्र की अपात्र?
2006 च्या शासन निर्णयानुसार पात्र ठरलेल्या कुटुंबाला 1 लाख रुपये मिळतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती शेतजमीन, नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा यांची कागदपत्रे तपासते. सार्वजनिक पैसा देताना पडताळणी हवीच. पण बटईने शेती करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो आणि हातउसन्या कर्जाला पावती नसते. त्यामुळे सर्वांत असुरक्षित कुटुंबच कागदावर कमी पडू शकते.

उपचार आणि गोपनीयता
शासनाच्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन मानसिक ताणाची लक्षणे विचारते. ती त्याच गावची असल्याने लोक बोलतात. पण बोललेले गावभर होईल, ही भीतीही असते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. याच कायद्याच्या कलम 24 नुसार उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र किंवा माहिती संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही.

बातमी कशी द्यावी?
भारतीय प्रेस कौन्सिलने 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींवर आधारित सूचना दिल्या. बातमी ठळक जागी देऊ नये, पुन्हा पुन्हा छापू नये, मृत्यूच्या पद्धतीचा तपशील देऊ नये, असे त्यांत सांगितले आहे. भडक बातम्यांनी संकटातील इतर व्यक्ती त्या वाटेने जाण्याचा धोका वाढतो, हे त्यामागचे कारण. दुसरीकडे, बातमीच आली नाही तर पीकविमा, कर्ज आणि पाण्याचे प्रश्न दबून जातात. म्हणून मृत्यूचे वर्णन टाळून त्यामागच्या धोरणांची चौकशी करणे, हा जबाबदार पत्रकारितेचा मार्ग मानला जातो. केवळ ‘कर्जामुळे’ असे एकच कारण देणेही बहुधा अपुरे असते.

मदतीसाठी : ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य असून तो दिवसरात्र सुरू असतो.