पूना डिव्हिजन : तिची रचना आणि मेसोपोटेमियातील सेवा (१९१४-१९१६)

पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्याने ज्या अनेक रणभूमींवर रक्त सांडले, त्यांत मेसोपोटेमियाची भूमी विशेष दुर्दैवी ठरली. तेथे प्रथम उतरलेली आणि कुत-अल-अमारा येथे शस्त्रे खाली ठेवून नामशेष झालेली सेना म्हणजे हिंदी लष्कराची सहावी, अर्थात 'पूना', डिव्हिजन होय. तिच्या पराभवाचे खापर बहुधा सेनापती टाउनशेंड यांच्या महत्त्वाकांक्षेवर अथवा सिमल्याच्या बेफिकिरीवर फोडले जाते. या दोन्ही आरोपांत तथ्य आहे. परंतु तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. ही डिव्हिजन मुळात कोणत्या युद्धासाठी उभारली होती आणि तिला कोणत्या युद्धात उतरविण्यात आले, हे पाहिल्यावाचून कुतच्या शोकांतिकेचा उलगडा होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१८९५ साली इलाखेवार सैन्ये मोडण्यात आली आणि पुढे लॉर्ड किचनेर यांनी १९०३ पासून हिंदी लष्कराची पुनर्घटना केली. मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकांत शंभराची भर पडली. तिसरी मुंबई पलटण १०३ वी, दहावी ११० वी आणि सतरावी ११७ वी झाली. या तिन्ही मराठा पलटणी पूना डिव्हिजनमध्ये होत्या. १६ व्या ब्रिगेडमध्ये डॉर्सेट ही गोरी पलटण आणि तिच्यासोबत २० वी पंजाबी, १०४ वी वेलस्ली रायफल्स व ११७ वी मराठा; १७ व्या ब्रिगेडमध्ये ऑक्सफर्डशायर-बकिंगहॅमशायर, २२ वी पंजाबी, १०३ वी मराठा व ११९ वी मुलतान; आणि १८ व्या ब्रिगेडमध्ये नॉरफोक, ७ वी राजपूत, ११० वी मराठा व १२० वी राजपुताना, अशी मूळ मांडणी होती. प्रत्येक ब्रिगेडमध्ये एक गोरी व तीन हिंदी पलटणी हे प्रमाण १८५७ च्या उठावानंतरच्या अविश्वासातून आलेले होते. ते निव्वळ सैनिकी विचारातून आलेले नव्हते. डॉर्सेट पलटण पुण्यास, नॉरफोक बेळगावास व ऑक्सफर्डशायरची पलटण अहमदनगरास असे. खडकीच्या सॅपर्स-मायनर्सच्या १७ व २२ क्रमांकांच्या कंपन्या आणि ४८ वी पायोनियर पलटण हेही या डिव्हिजनचेच भाग होत. मराठा पलटणींत कोकणी व देशावरील मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांचाही हिस्सा असे. 'मराठा' या नावामुळे ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते.

पुनर्घटनेचा हेतू एकच होता. वायव्य सरहद्दीवर अफगाण अथवा रशियन सैन्याशी गाठ पडल्यास सज्ज असावे, हा तो हेतू. या डोंगरी युद्धाची छाया डिव्हिजनच्या प्रत्येक अंगावर पडलेली दिसते. इंग्लंडमधील डिव्हिजनपाशी ७६ तोफा असत. पूना डिव्हिजनपाशी मैदानी तोफांच्या तीन व पहाडी तोफांच्या दोन बॅटऱ्या मिळून अवघ्या तीस होत्या. वाहतूक खेचरांवर आणि कमान नसलेल्या दोन चाकांच्या गाड्यांवर चाले. रेल्वेचे शेवटचे ठाणे पाठीशी आहे आणि तेथून घाटवाटांनी रसद पुढे जाते, हे सारे गृहीत धरलेले होते. नदीतून सैन्य नेण्याची वा नदीवरून त्याचे पोषण करण्याची कल्पना या आराखड्यात कोठेही नव्हती.

ऑक्टोबर १९१४ मध्ये जनरल डेलामेन यांची १६ वी ब्रिगेड मुंबईहून निघाली आणि तुर्कस्थानशी युद्ध जाहीर होताच ६ नोव्हेंबर रोजी फाओ येथे उतरली. त्याच महिन्यात बसरा पडले, ९ डिसेंबरला कुर्ना पडले. एप्रिल १९१५ मध्ये शैबा येथे तुर्कांनी बसरा परत घेण्याचा नेटाने प्रयत्न केला. त्या तीन दिवसांच्या लढाईत ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. त्याच महिन्यात डिव्हिजनचे नेतृत्व बॅरेट यांच्याकडून टाउनशेंड यांच्याकडे आले. मे महिन्याच्या अखेरीस कुर्नापलीकडच्या पुराच्या पाण्यातून 'बेलम' नावाच्या अरबी होड्यांत बसून पलटणींनी हल्ला चढविला, आणि ३ जून रोजी सुमारे शंभर माणसांनिशी टाउनशेंड यांनी अमारा घेतले. या यशाचे कौतुक सर्वत्र झाले. परंतु डोंगरासाठी घडविलेल्या शिपायांना उसन्या होड्या वल्हवीत शत्रूवर जावे लागले, या घटनेत पुढच्या संकटाची सूचना होती. ती सूचना कोणी वाचली नाही. सैन्य जसजसे उत्तरेस सरकले तसतशी बसऱ्यापासूनची नदीवाट लांबत गेली, आगबोटी मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. जमिनीवर ना रेल्वे होती ना धड रस्ता.

२८ सप्टेंबरला कुत हाती आले. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे मोठा संग्राम झाला. सुमारे ११,००० लढाऊ माणसांपैकी साडेचार हजारांवर माणसे तेथे कामास आली वा जखमी झाली. जखमींना बिनकमानीच्या गाड्यांत घालून नदीकाठापर्यंत आणावे लागले. 'मेजिदिया' ही आगबोट सुमारे ६०० जखमींना घेऊन बसऱ्यास पोहोचली, तेव्हा हिंदी वैद्यकसेवेतील मेजर कार्टर यांनी तिच्यावरील घाण व हाल पाहून कठोर अहवाल दिला. त्याबद्दल वरिष्ठांनी आधी त्यांनाच धमकाविले. पुढे १९१७ साली मेसोपोटेमिया चौकशी मंडळाच्या निवेदनाने या साऱ्या प्रकारावर प्रकाश पडला आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना पद सोडावे लागले.

३ डिसेंबरला थकलेली डिव्हिजन कुतला परतली आणि ७ डिसेंबरला वेढा पडला. नाताळच्या आदल्या दिवशी तुर्कांनी मातीच्या किल्ल्यावर निकराचा हल्ला केला. तो १७ व्या ब्रिगेडने परतविला. त्यानंतर तुर्कांनी मोठा हल्ला न करता केवळ वाट पाहिली. गावात सैनिक व नोकरवर्ग मिळून पंधरा हजारांच्या आसपास माणसे आणि शिवाय सुमारे सहा हजार रहिवासी होते. धान्य किती आहे याचा टाउनशेंड यांनी प्रथम दिलेला अंदाज फारच तोकडा होता. त्यामुळे मुक्तिसेनेला पुरेशी जमवाजमव होण्यापूर्वीच घाईने पुढे जावे लागले. जानेवारीच्या अखेरीस घरोघर झडती घेतल्यावर सातूचा मोठा साठा सापडला आणि वेढा आणखी तीन महिने टिकला. मुक्तिसेनेचे सुमारे २३,००० लोक मात्र हकनाक बळी पडले वा जायबंदी झाले.

वेढ्यातील आहाराचा इतिहास हा या प्रकरणातील सर्वांत बोलका भाग होय. गोऱ्या शिपायाला पांढऱ्या मैद्याचा पाव व घोड्याचे मांस मिळे. हिंदी शिपायाला कोंड्यासह दळलेली कणीक व सातू मिळे, मांस तो घेत नसे. परिणाम असा झाला की गोऱ्यांत बेरीबेरीचा रोग दिसू लागला, पण हिंदी शिपाई त्यापासून मुक्त राहिले. उलट ताजे मांस व भाजी या दोहोंवाचून हिंदी शिपायांत हजाराहून अधिक जणांना स्कर्व्हीने गाठले, आणि गोरे त्यातून वाचले. मैदा संपून गोऱ्यांनाही कणीक मिळू लागली, तेव्हा त्यांची बेरीबेरी ओसरली. जीवनसत्त्वांचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. कुतचे मुख्य वैद्यकाधिकारी कर्नल हेहिर यांच्या या निरीक्षणांचा पुढील संशोधकांनी आवर्जून उपयोग केला. रानभाज्या खुडून खाण्याचाही प्रयोग झाला. १७ व्या ब्रिगेडचे प्रमुख जनरल हॉटन एप्रिलमध्ये वारले, ते अशाच एका विषारी भाजीमुळे असे सांगितले जाते.

घोड्याच्या मांसाला हिंदी शिपायांनी दिलेला नकार इंग्रज लेखकांनी 'धर्मवेडा'च्या सदरात टाकला आहे. हे मत उथळ वाटते. हिंदुस्थानातील धर्मप्रमुखांची अनुज्ञा बिनतारी यंत्राने कुतला पोहोचली होती, तरीही बहुसंख्य शिपाई दीर्घकाळ राजी झाले नाहीत. शिपायाला भय होते ते परतल्यावर गावात काय म्हणतील याचे, पंक्तीतून उठविले जाण्याचे, घरातील मुलींच्या सोयरिकी मोडण्याचे. शास्त्राची परवानगी आणि गावकीची परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला खेडे ठाऊक आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. शिवाय लष्करानेच पलटणी व कंपन्या जातवार बांधल्या होत्या. एका कंपनीत एकाच मुलखातले, पुष्कळदा एकाच पंचक्रोशीतले लोक असत. म्हणजे गाव शिपायाबरोबर खंदकातच होते. ज्या रचनेतून पलटणीची एकजूट येई, तिच्यातूनच हा नकारही पक्का झाला. एप्रिलमध्ये टाउनशेंड यांनी मांस खाऊन अंगात बळ राखणाऱ्यांनाच बढती देऊ अशी तंबी दिली, तेव्हा कोठे हजारो शिपाई मांस घेऊ लागले. तोवर फार उशीर झाला होता. विमानांतून धान्याची पोती टाकून पाहिली. 'जुल्नार' नावाची आगबोट रसद घेऊन निघाली, ती २४ एप्रिलच्या रात्री शत्रूच्या हाती पडली.

२९ एप्रिल १९१६ रोजी, जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर, डिव्हिजन शरण गेली. शरणागतांची अधिकृत संख्या १३,३०९ अशी आहे : २७७ गोरे अधिकारी, २०४ हिंदी अधिकारी, २,५९२ गोरे शिपाई, ६,९८८ हिंदी शिपाई आणि ३,२४८ हिंदी नोकर. हे शेवटचे लोक म्हणजे भिस्ती, आचारी, डोलीवाले, खेचरवाले व सफाईवाले. चौकशी मंडळाने वाहतुकीचा व शुश्रूषेचा जो अभाव दाखविला, तो भरून काढण्याचे काम याच माणसांच्या खांद्यांवर पडले होते.

टाउनशेंड यांना तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर सन्मानाने ठेवले. शिपायांना वाळवंटातून पायी हाकलण्यात आले. हिंदी कैद्यांपैकी बहुतेकांना रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामावर लावले. गोऱ्या शिपायांपैकी १,७०० हून अधिक परतले नाहीत. हिंदी लोकांच्या हिशेबात सुमारे १,३०० मृत आणि जवळजवळ १,८०० 'बेपत्ता' असे दोन रकाने आहेत. बेपत्ता लोकांचा रकाना मृतांच्या रकान्याहून मोठा असावा, यावरूनच नोंदींची अवस्था कळते. बंगाली शुश्रूषापथकातील शिशिर सर्वाधिकारी यांनी या कैदेची हकीकत पुढे 'अभि ले बगदाद' या पुस्तकात लिहिली, त्यामुळे हिंदी माणसाच्या बाजूने पाहिलेले थोडेसे चित्र तरी हाती लागते.

युद्ध संपेपर्यंत सहावी डिव्हिजन पुन्हा उभी राहिली नाही. त्याच क्रमांकाची नवी डिव्हिजन १९४१ साली सिकंदराबादेस उभारण्यात आली आणि योगायोगाने तीही इराकमध्येच गेली. पलटणी मात्र टिकल्या. ११७ व्या मराठा पलटणीस मेसोपोटेमियातील कामगिरीबद्दल १९२१ मध्ये 'रॉयल' ही पदवी मिळाली, आणि १९२२ च्या पुनर्घटनेत तिन्ही पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत सामील झाल्या. बसरा येथे १९२९ साली स्मारक उभारले गेले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. परंतु ३३,००० हून अधिक हिंदी शिपाई व नोकर केवळ पलटणवार आकड्यांनी दाखविण्यात आले. युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली या भेदाची कबुली देऊन क्षमा मागितली. ही नावे शोधावयाची झाल्यास रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर व बेळगाव या जिल्ह्यांतील गावोगावच्या युद्धस्मृतिफलकांपासून आणि निवृत्तिवेतनाच्या जुन्या दप्तरांपासून आरंभ करावा लागेल.