बाळ थांबत नाही, फेलोशिप थांबते

७ नोव्हेंबर १९००. साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव इंग्रजी पहिलीत दाखल झालं. २०१७ पासून राज्यात हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा होतो. हार, भाषणं, फोटो सगळं होतं. पण या मुलाच्या परदेशातल्या शिक्षणाचा पैसा कुठून आला आणि तो संपल्यावर काय झालं, हे त्या दिवशी फारसं कुणी सांगत नाही.

१९१३ ला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. तिथून ते लंडनला गेले आणि १९१७ मध्ये मुदत संपली. अभ्यास अर्ध्यावर टाकून परत यावं लागलं. दुसऱ्या बोटीनं पाठवलेली पुस्तकं तर बोटीबरोबर समुद्रात बुडाली. पुढं १९२० ला स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने पैसे अशी जुळवाजुळव करून ते परत लंडनला गेले. १९२३ ला डी.एस्सी. मिळाली.

तीन वर्षं वाया गेली, पण लंडनची ग्रंथालयं जागेवर होती. कागद वाट बघतो.

आता असा विषय घ्या जो वाटच बघत नाही. तान्ह्या बाळाचा मेंदू. पहिल्या दोन-तीन वर्षांत तो ज्या वेगानं वाढतो, तसा पुढं आयुष्यात कधीच वाढत नाही. आईचा चेहरा ओळखणं, हसण्याला हसून उत्तर देणं, टाळ्यांची नक्कल करणं, हे सगळं याच काळात घडतं. त्यावर संशोधन करायचं तर त्याच बाळाकडं पुन्हा पुन्हा जावं लागतं. सहाव्या महिन्याची नोंद नवव्या महिन्यात करता येत नाही.

गंमत बघा, या कामाची वाटही बडोद्यातूनच जाते. सयाजीरावांच्या नावाचं विद्यापीठ तिथं १९४९ ला उभं राहिलं. त्याच्या बालविकास विभागात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या वाढीचा अभ्यास केला, १९७० मध्ये त्याचा अहवाल आला. तोवर आपल्या बाळांना मोजायला अमेरिकन मोजपट्टी होती. फाटकबाईंनी तिला भारतीय रूप दिलं. त्यातून पुढं 'डासी' ही चाचणी तयार झाली. जन्मापासून ३० महिन्यांपर्यंत, हालचालींच्या ६७ आणि मानसिक वाढीच्या १६३ बाबी. आजही लेकरू मागं पडतंय का हे बघायला डॉक्टर ती वापरतात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातलं काम तर आणखी चिकाटीचं. १९८७ ते ८९ मध्ये दोन किलोपेक्षा कमी वजनानं जन्मलेली बाळं तिथल्या डॉक्टरांनी अठरा वर्षांची होईपर्यंत तपासली. बाराव्या वर्षी त्यांची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेत निघाली, पण बरोबरीच्या मुलांपेक्षा थोडी कमी, आणि गणितात ती मागं होती. म्हणजे अशा पोरांना शाळेत कुठं हात द्यायचा, हे कळलं. अठरा वर्षं थांबल्याशिवाय हे कळलं असतं का?

आता आपल्याकडं या. गळीत हंगामात कराड, वाळवा, पलूस भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोपीत, फडाच्या बांधावर तान्ही लेकरं असतात. आई पहाटेच फडात. पट्टा पडला की लेकरू गावाला परत. या बाळांच्या वाढीचा नीट अभ्यास कुणाला करायचा असेल तर तिला बाळामागं बीडपर्यंत, जतपर्यंत जावं लागेल. गाडीभाडं कोण देणार?

तशी सोय कागदावर आहे. गृहविज्ञान किंवा मानसशास्त्रात नेट देऊन जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार, पुढं ४२ हजार रुपये. आयसीएमआरची वेगळी परीक्षा आहे. बार्टी, सारथी, महाज्योतीची अधिछात्रवृत्ती आहे. पण याच संस्थांच्या संशोधकांना हक्काच्या पैशासाठी आझाद मैदानावर बसावं लागलं. सारथीच्या जागा २०० वर आणल्या गेल्या. पीएचडी करून पोरं काय दिवे लावणार, असा सवाल डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत सरकारच्याच बाजूनं झाला.

दिवे काय लावले, ते वर सांगितलंच आहे. एक दिवा आपल्याच साताऱ्याच्या शाळेतून गेला होता.

फेलोशिप म्हणजे पोरांना दिलेली खिरापत नव्हे. बाळाच्या संशोधनात हप्ता सहा महिने रखडला तर नुसती संशोधक अडचणीत येत नाही, बाळाचे सहा महिने कायमचे हातातून जातात. ते मागून भरून देता येत नाहीत.

येत्या ७ नोव्हेंबरला हार घालायला येणाऱ्या पुढाऱ्यांना एवढंच विचारा: आपल्या जिल्ह्यातल्या किती संशोधकांचा हप्ता थकलाय, आणि तो कोणत्या तारखेला जमा होणार?

तारीख सांगितली तर कमेंटमध्ये लिहा.