मद्यमुक्तीची सभा : शोधावी कशी, निवडावी कशी?

दारू सोडण्याचा निर्धार बहुधा सकाळी होतो आणि दिवे लागणीच्या वेळी ढासळतो. या मधल्या तासांत मद्यासक्त व्यक्ती आपल्यासारख्याच दुसऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचली, तर निर्धाराला आधार मिळतो. 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' अर्थात 'एए' ही जगभर पसरलेली चळवळ याच अनुभवातून जन्मली. १९३५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरी कामानिमित्त गेलेल्या बिल विल्सन यांना मद्याची अनिवार ओढ लागली. त्या घडीला त्यांनी उपदेशक शोधला नाही. दुसरा मद्यपी शोधला. ते होते तेथील शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ. डॉ. स्मिथ यांनी अखेरचा प्याला घेतला तो १० जून १९३५ हा दिवस 'एए'चा स्थापनादिन मानला जातो. भारतात हे कार्य १९५७ पासून सुरू आहे.

सभा कोठे मिळेल?

'एए'च्या भारतीय संकेतस्थळावर शहरांनुसार सभांची माहिती आणि संपर्क क्रमांक मिळतात. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची मदतवाहिनी आणि १४४१६ ही 'टेलि-मानस' मानसिक आरोग्य सेवा येथेही मार्गदर्शन मिळते. सरकारी रुग्णालयातील मनोविकार विभाग किंवा व्यसनमुक्ती केंद्र येथे विचारणा केल्यास जवळच्या समूहाचा पत्ता लागू शकतो. या सभा पुष्कळदा शाळेच्या वर्गात, चर्चच्या सभागृहात किंवा समाजमंदिरात भरतात. बाहेर ठळक फलक असेलच असे नाही. शिवाय वार, वेळ आणि जागा बदलू शकते. म्हणून निघण्यापूर्वी दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी आणि सभा कोणत्या भाषेत चालते, हेही विचारावे. आपले दुःख आपल्या भाषेत मांडता येणे महत्त्वाचे असते. घराजवळ ओळखीचे कोणी भेटेल, असा संकोच वाटत असल्यास दूरच्या उपनगरातील समूह निवडण्यास काहीच हरकत नाही. २०२० मधील टाळेबंदीनंतर ऑनलाइन सभांचाही मोठा प्रसार झाला आहे.

खुली सभा आणि बंद सभा

ज्यांना मद्य सोडण्याची इच्छा आहे, केवळ त्यांच्यासाठी 'बंद' सभा असते. 'खुल्या' सभेला नातेवाईक, विद्यार्थी, डॉक्टर असे कोणीही बसू शकतात. आपली समस्या कितपत गंभीर आहे याविषयी मनात शंका असणाऱ्यांनी प्रथम खुल्या सभेस जावे.

आत काय घडते?

नवागताच्या मनात सर्वाधिक भीती असते ती नाव उघड होण्याची. अनामिकता हा 'एए'चा पायाच आहे. पहिले नाव सांगितले तरी पुरते. बोलण्याची सक्ती नसते. सभासद एकामागून एक स्वतःचे अनुभव सांगतात. एकाच्या बोलण्यावर दुसरा टीका करीत नाही. सभासदत्वाची अट एकच, मद्यपान थांबविण्याची इच्छा. प्रवेश शुल्क नाही. सभेत थैली फिरते. त्यात सभासद स्वेच्छेने पैसे टाकतात आणि बाहेरील देणग्या स्वीकारल्या जात नाहीत. 'बारा पायऱ्यां'मध्ये ईश्वराचा उल्लेख आहे; मात्र त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे लावायचा असतो. पुढे एखादा जुना सभासद 'स्पॉन्सर' म्हणून नव्याला वैयक्तिक सोबत करतो. मन डळमळले की रात्री-अपरात्रीही त्याला दूरध्वनी करता येतो.

कुटुंबीयांसाठी

घरातील व्यक्ती सभेला येण्यास तयार नसली, तरी कुटुंबाने थांबून राहण्याचे कारण नाही. मद्यपींच्या नातेवाइकांसाठी १९५१ मध्ये 'अल-अनॉन' ही स्वतंत्र संघटना स्थापन झाली. किशोरवयीन मुलांसाठी तिचीच 'अलाटीन' ही शाखा आहे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालविला आहे.

सभा हा औषधाला पर्याय नव्हे

अनेक वर्षे रोज भरपूर मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यास हातपाय थरथरणे, झटके, भास, संभ्रम अशी लक्षणे दिसू शकतात आणि प्रसंगी ती जिवावर बेततात. पहिले काही दिवस विशेष धोक्याचे असतात. अशा व्यक्तीने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सभा उपचारांच्या जोडीने सुरू ठेवावी. डॉक्टरांनी दिलेली औषधे कोणा सभासदाच्या सांगण्यावरून बंद करू नयेत.

'एए'ची उपयुक्तता केवळ सभासदांच्या श्रद्धेवर अवलंबून नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रन संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास तपासण्यात आले. मद्यापासून पूर्णपणे दूर राहण्याच्या बाबतीत 'एए' आणि रुग्णाला तिच्याशी जोडून देणारे पद्धतशीर उपचार इतर प्रस्थापित उपचारांइतकेच, काही बाबतींत अधिक, परिणामकारक असल्याचे त्यात आढळले.

तथापि, प्रत्येक समूहाचा स्वभाव वेगळा असतो. एक सभा रुचली नाही म्हणून मार्गच चुकीचा ठरवू नये; निरनिराळ्या ठिकाणच्या चार-पाच सभा पाहून मगच मत बनवावे. सभांना जाऊ लागल्यावर पुन्हा प्यालेला माणूसही तेथे परका ठरत नाही. त्याच्यासाठीही खुर्ची असतेच. त्याने दुसऱ्या दिवशी त्याच दारातून पुन्हा आत यावे, एवढीच अपेक्षा असते.