२२ एप्रिल : बी. आर. चोप्रा यांचा जन्मदिन

लाहोरच्या ‘सिने हेरल्ड’मध्ये इतरांच्या चित्रपटांची परीक्षणे लिहिणारे बलदेवराज चोप्रा फाळणीनंतर मुंबईत स्थिरावले आणि स्वतःच चित्रपट काढू लागले. जन्म १९१४चा, पंजाबातला. ‘एक ही रास्ता’त (१९५६) विधवेचा पुनर्विवाह, ‘साधना’त (१९५८) वेश्येचा संसार, तर धाकटा भाऊ यश याने दिग्दर्शित केलेल्या ‘धूल का फूल’मध्ये (१९५९) कुमारी माता. गाण्यांवरच हिंदी चित्रपट चालत, त्या काळात फाशीच्या शिक्षेवरचा ‘कानून’ (१९६०) त्यांनी एकाही गाण्याविना केला. खरे धाडस हेच! बलात्काराच्या खटल्यावरचा ‘इन्साफ का तराजू’ (१९८०) मात्र प्रबोधन की सवंगपणा, हा वाद रास्तच. पुढे त्यांची ‘महाभारत’ मालिका घरोघरी पोचली. तिच्यातला कृष्ण मराठी, नितीश भारद्वाज. १९९८चा दादासाहेब फाळके पुरस्कार चोप्रांना मिळाला.