झाशीचे दुसरे नाव

झाशी म्हटले की मराठी मनासमोर १८५७ सालचा किल्ला आणि राणी लक्ष्मीबाई उभी राहते. पुढे त्याच गावाचे नाव हॉकीशी जोडले गेले, आणि हा खेळ तर या मातीतला नव्हे. इंग्रजी अमदानीत तो वाढला पलटणींत आणि रेल्वेच्या वसाहतींत. झाशीत ही दोन्ही होती. असा हा परका खेळ गावाने आपला कसा मानला, हे पाहण्याजोगे आहे.

पलटणीतले शिपाई सामेश्वरसिंग यांचे कुटुंब बदल्यांच्या फेऱ्यांत अखेर झाशीत स्थिरावले. त्यांचे चिरंजीव ध्यानचंद १९२२ साली लष्करात भरती झाले. तोवर हॉकीचा आपल्याला विशेष नाद नव्हता, असे त्यांनीच आत्मचरित्रात सांगितले आहे. त्यानंतरची हकीकत सर्वश्रुत आहे : १९२८, १९३२ आणि १९३६ ही तीन ऑलिंपिक सुवर्णपदके. धाकटे बंधू रूपसिंग यांनीही १९३२ साली अमेरिकेविरुद्धच्या एकाच सामन्यात दहा गोल केले.

परंतु मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो १९३३ सालचा कलकत्त्याचा सामना. बायटन चषक ही १८९५ पासूनची मातबर स्पर्धा. अंतिम फेरीत यजमान गावचा बलाढ्य कलकत्ता कस्टम्स, आणि समोर ‘झाशी हीरोज’ हा आडगावचा हौशी संघ. कस्टम्सने झाशीच्या गोलाभोवती सारखा वेढा घातला होता. एवढ्यात मैदानाच्या मध्यातून ध्यानचंदांनी लांबवर चेंडू दिला, इस्माईल तो घेऊन वाऱ्यासारखा धावला, आणि त्या एकाच गोलावर चषक झाशीला आला. आयुष्यातला सर्वोत्तम सामना कोणता, या प्रश्नाला ध्यानचंदांनी बर्लिनचे नाव घेतले नाही. हाच सामना सांगितला. बर्लिनला ते देशासाठी खेळले, येथे आपल्या गल्लीतल्या सोबत्यांबरोबर!

माझ्यासारख्या सरकारी चाकराला प्रत्येक गोष्टीची योजना आखण्याची खोड असते. प्रेक्षकवर्गही योजनेने उभा करता येईल, असे आम्हांस वाटते. २०१३ साली व्यावसायिक हॉकी लीग सुरू झाली. २०१७ च्या हंगामानंतर ती थांबली आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा उभी राहिली. पैसा आला, परदेशी खेळाडू आले, रंगीत पोशाख आले. मात्र त्या पुनरारंभाच्या हंगामात सामने भरले राऊरकेला आणि रांची येथे. उत्तर प्रदेशाचे नाव लावणारा संघही तिकडेच खेळला. आधीच्या हंगामांत मुंबईच्या नावाचा संघ होता, तोही आता यादीत नव्हता. खर्चाचा हिशेब मला कळतो. पण ज्या गावाचे नाव घ्यायचे त्या गावाला सामनाच दिसायचा नाही, तर तेथील पोराने कोणाच्या नावाने ओरडावे? झाशीचा खेळाडू संध्याकाळी बाजारात भेटत असे. त्याच्यापायी लोक मैदानावर गेले, आणि मग खेळ समजू लागले.

१९७५ साली क्वालालंपूरला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल केला तो ध्यानचंदांचे पुत्र अशोककुमार यांनी. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत ध्यानचंदांचे निधन झाले. देह झाशीला आणला गेला, आणि त्यांचे दहन स्मशानात न होता हीरोजच्या मैदानावर झाले.